लाभ, दोन, तीन

माघ लागला की आमच्या चिखलीत अजूनही वारं सुटतं. कोरडं, अंगाला ओरखडे काढणारं. या वाऱ्यावर आम्ही पूर्वी ज्वारी उफणायचो. आता ते पत्र्याच्या शेडांवर खडखडतं आणि लेथवर कापल्या जाणाऱ्या लोखंडाचा वास घरात आणून सोडतं. सून खिडक्या लावून घेते. मी माझ्या खोलीतली उघडी ठेवते. धूळ येते, येऊ दे.

सुगीबद्दल लोक फार गोड लिहितात. त्यांनी ती केलेली नसावी. ज्वारीची कूस मानेत शिरली की आठ आठ दिवस खाज जात नाही. कणसं खुडून बोटांची नखं मऊ पडतात. मळणीच्या बैलांमागं फिरताना पाय शेणात आणि डोळे धुळीत. मला त्या सुगीची ओढ नाही. शेतं गेली, घरं झाली, गाळे झाले, त्याचंही मला रडू येत नाही. तरी माघात एक सुगी परत येते आणि माझ्यासमोर येऊन बसते. नवी मापं गावात आली त्याच्या मागोमागची ती सुगी. ती आली की मला जेवण जात नाही, एवढंच.

खळ्यावर रास मोजायची एक रीत होती. चपला बाहेर काढायच्या. मोजणाऱ्यानं पूर्वेकडं तोंड करून बसायचं. पायली भरायची आणि पोत्यात रिकामी करताना आकडा म्हणायचा. पहिल्या पायलीला कुणी एक म्हणत नसे. पहिली म्हणजे लाभ. मग दोन, मग तीन. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं तर धान्य एकावरच थांबेल, अशी काहीशी समजूत होती. मी तिच्यावर विश्वास ठेवत होते का, ते मला सांगता येणार नाही. पण मी कधी एक म्हटलं नाही. माझ्या आईनं निघोज्याला, नदीपलीकडं, कधी म्हटलं नाही, सासूनं इथं म्हटलं नाही. भाजीवाला मोजतानाही लाभ म्हणायचा. ते तोंडात बसलेलं होतं.

आमच्या शाळेत एक खोली, चार वर्ग आणि एक गुरुजी. गुरुजी कोकणातले. घरचं माणूस इथं कुणी नाही, म्हणून जेवायला आमच्याकडं. आमटीत गूळ कमी पडला की काही न बोलता नुसतं आमटीकडं बघायचे. मी चौथी पास होते आणि त्या वेळी गावच्या बायकांत तेवढी शिकलेली मीच. नवी मापं आली तेव्हा शाळेला एक पेटी मिळाली. तिच्यात लिटरचं माप, किलोची वजनं आणि मीटरची एक लाकडी पट्टी. गुरुजींनी ती पेटी जेवताना मला उघडून दाखवली, जशी कुणी घरचे दागिने दाखवावेत.

"वहिनी, मुलांना घरी पायली, शाळेत किलो. त्यांच्या डोक्यात गोंधळ होतो. तुम्हाला दोन्ही येतं. सुगीत मी पहिली-दुसरी सांभाळतो, तुम्ही तासभर तिसरी-चौथीला मापं शिकवा. शिकवा म्हणजे करून दाखवा, बस."

सासू तेव्हा वारली होती. आमच्या मालकांनी हरकत घेतली नाही. "पोरं तशी बी रानातच असत्यात, हिचं बी रानातच चाललंय," म्हणाले. तशी मी शिकवायला लागले. पगार नाही, हजेरी नाही. मला आवडलं, हे सांगायला हवं. लग्नानंतर पहिल्यांदा कुणी मला काही विचारत होतं आणि मला त्याचं उत्तर येत होतं.

चौथीत माझी पुतणी होती, हौसा. थोरल्या दिरांची मुलगी. थोरल्या दिरांना सगळं गाव आबा म्हणे. सासऱ्यांनी मरण्याआधी रान दोन भावांत वाटून दिलं होतं. मधे बांध, अलीकडं आमचं, पलीकडं आबांचं. घरंही शेजारी शेजारी. हौसा सकाळी आमच्या चुलीपुढं आणि रात्री स्वतःच्या. बारीक, काळी, नाकात सतत सर्दी. आणि हुशार. तिच्या हुशारीची मला भीती वाटायची.

पहिल्या दिवशी मी पोरांना शाळेचं दार वितीनं मोजायला लावलं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं. पोरं भांडायला लागली, एकमेकाची वीत चोरटी आहे म्हणून. गुरुजी पाठीमागं उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "मग काय करायचं?"

हौसा म्हणाली, "सगळ्यांनी गुरुजींचीच वीत धरायची."

"शाब्बास."

"पन गुरुजींची बदली झाली तर?"

गुरुजी हसले, आणि मग त्यांनी पेटीतली पट्टी काढली. माप माणसाच्या अंगाला चिकटलेलं नको, हे त्या पोरीनं एका वाक्यात सांगितलं होतं. मला हे चौथी पास होऊनही कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी जेवताना गुरुजींनी आबांना बोलावून घेतलं. हौसाला चौथीनंतर चिंचवडला आत्याकडं ठेवून पाचवीला घाला, म्हणून मागं लागले. आबा अडाणी, पण लेकीवर जीव होता. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "परीक्षेत पैली आली तर धाडतो." आमच्या गावातली एकही मुलगी तोवर पाचवीला बाहेर गेली नव्हती. हौसानं दाराआडून ऐकलं आणि आमच्या परड्यात जाऊन एकटीच फुगडी घातली.

त्या दिवसांचा वास मला अजून येतो. खळ्यावर सारवलेलं शेण, वाळता कडबा, आणि लिटरच्या नव्या मापाचा पत्र्याचा वास. पोरं हौदातलं पाणी जुन्या मापट्यानं लिटरमध्ये ओतायची आणि किती उरलं यावर वाद घालायची. ओल्या चड्ड्यांनी घरी जायची आणि त्यांच्या आया मला बोलायच्या. "तुजी साळा म्हंजी नदीवर धुणं धुवायला गेल्यावानी," अशी एक जण म्हणाली. मी तिला म्हणाले, तुझा मुलगा निदान धुतला तरी जातोय. बायका हसल्या. मला वाटलं, चाललंय ते बरं चाललंय.

आता शिकवणाऱ्या बायका घरी येतात, माझ्या नातवाच्या मुलीला शिकवतात. त्यांच्याकडं रंगीत पट्ट्या असतात. मी शेजारी बसून ऐकते. पट्टी शून्यापासून लावायची, हे त्या पहिल्याच दिवशी सांगतात. पुन्हा पुन्हा सांगतात. मुलगी कंटाळते. मी कंटाळत नाही.

मीटरची पट्टी एकच होती. ती मोडू नये म्हणून गुरुजींनी एक दोर आणला आणि आम्ही त्याला मीटर-मीटरवर गाठी मारल्या. दहा मीटरचा दोर. सुरुवातीला एक गाठ, शेवटी एक. रानं मोजायची कल्पना गुरुजींची. सगळी पोरं एक दिवस आबांच्या रानात नेली. दोन पोरांनी दोराची टोकं धरली, गुरुजींनी स्वतः मोजलं. रानाची रुंदी साठ मीटर भरली. सहा दोर. पोरांनी फक्त टोकं धरली आणि पळापळ केली. गुरुजी कुठून मोजतात हे कुणी पाहिलं नसावं. मी पाहिलं होतं, पण पाहून ते मुलांना सांगायचं असतं, हे मला समजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हौसानं दोर मागितला. "काकी, मी तुमचं रान मोजते." मी दिला. मी भाकरी थापत होते. ती आणि तिची मैत्रीण गेल्या, परत आल्या. हौसानं मला आकडा सांगितला नाही. तिला तो आधी आबांना सांगायचा होता.

ती जेवताना काय म्हणाली ते मला माझ्या थोरल्या जावेनं नंतर सांगितलं.

"आबा, काकांचं रान आपल्यापरीस सहा मीटरनं रुंद हाय."

"कुनी सांगितलं?"

"मीच मोजलं. गुरुजींच्या दोरानं. आपलं साठ, त्यांचं सहासष्ट."

आबांनी ताटावरचा हात उचलला तो परत ठेवला नाही. भावाभावांत तोवर कधी शब्द झाला नव्हता. पण झाला नव्हता म्हणजे आत काही नव्हतं असं नाही. सासऱ्यांचा धाकट्यावर जीव जास्त, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आता त्या आतल्या सलाला मीटर मिळाले.

सकाळी मी रानात न्याहारी घेऊन गेले तर बांधावर माणसं. आबा, आमचे मालक, गावातले चार-पाच जण. गुरुजी नव्हते, तालुक्याला गेलेले. मधे हौसा, हातात दोर. तिच्या तोंडावर भीती नव्हती. तिला वाटत होतं, आपल्याला काहीतरी करून दाखवायला बोलावलंय.

आमचे मालक म्हणत होते, "पोरीच्या मोजन्यावर आता वाटन्या बदलायच्या व्हय?"

"पोरगी साळंत पैली हाय," आबा म्हणाले. "आनि शिकवती कोन? तुजीच बायकू. का तिचं शिकवनं बी खोटं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोक्यावरची पाटी उतरवायलाही कुणी हात दिला नाही.

मी म्हणाले, "हौसा, परत मोज. सगळ्यांदेखत."

तिनं दोराचं टोक बांधाच्या दगडावर ठेवलं. मैत्रिणीनं दुसरं टोक ओढून ताणलं. हौसानं पहिल्या गाठीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "लाभ."

मला त्याच क्षणी समजलं. गाठी अकरा, मीटर दहा. दर दोराला एक जास्त, सहा दोरांना सहा. ती गाठी मोजत होती, आणि पहिल्या गाठीलाच तिनं लाभ म्हटलं होतं, जसं पहिल्या पायलीला म्हणतात. पायली भरलेली असते. गाठ भरलेली नसते. गाठीपाशी अजून काहीच झालेलं नसतं. शून्य म्हणजे काही नाही, आणि जिथं काही नाही तिथून मोजायला लागायचं, हे खळ्यावर वाढलेल्या पोराला कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार. रिकाम्या पायलीला आमच्याकडं आकडाच नव्हता.

मी तिला पूर्ण मोजू दिलं असतं तर. बाजूला घेतलं असतं तर. मालकांना म्हणाले असते, गुरुजी येऊ द्या, मग बघू. एक दिवसानं बांध कुठं पळून जाणार नव्हता. हे सगळं आता सुचतं. तेव्हा सुचलं ते हेच, की आपलं रान वाचलं. आणि तोंड उघडलं.

"थांब. पहिल्या गाठीला लाभ का म्हणलीस?"

"तूच सांगितलंस की काकी. पयल्याला एक म्हनायचं न्हाई."

"ते खळ्यावर. दोराला ते चालत नाही. पहिल्या गाठीपाशी शून्य. तू गाठी मोजल्यास, मीटर नाही मोजलेस."

हे मी अशा आवाजात बोलले, जणू तिला आधी शंभरदा बजावलं होतं. मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं.

मग मीच मोजलं. साठ भरले. दोन्ही रानं सारखी होती. सासऱ्यांनी डोळ्यानं वाटलं होतं आणि बरोबर वाटलं होतं.

 मग त्या चार-पाच जणांतला एक जण म्हणाला, "आबा, पोरीनं चांगला लाभ करून दिला म्हनायचा." सगळे हसले. आमचे मालकही हसले. तेवढं ते हसले नसते तरी चाललं असतं. आबा हसले नाहीत. त्यांनी हौसाच्या हातातला दोर काढून घेतला, गुंडाळला आणि माझ्या पाटीवर ठेवला. हळूच ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी हौसा शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथीची परीक्षा तोंडावर आलेली. मी त्यांच्या दारात गेले. थोरली जाऊ उंबऱ्यातच उभी राहिली, मला आत ये म्हणाली नाही. मागं गोठ्यात हौसा शेण भरताना दिसत होती.

"जाऊबाई, तिचा काय दोष? मीच सांगायचं राहिलं."

"मग तवा बोलायचं व्हतंस. मानसांत. आता चुलीपाशी येऊन काय सांगतीस?"

"आबांना मी सांगते."

"तू नगं बोलूस. तू बोललीस म्हनून तर."

तालुक्याहून आल्यावर गुरुजी आबांकडं गेले. एकदा, दोनदा. आबांनी त्यांना पाट दिला, चहा दिला. "पोरीची चूक न्हाई गुरुजी, मी कुठं म्हनतो. पन मी माज्या भावावर उठलो, ते पोरीच्या आकड्यावर. आता पुन्यांदा तिचा आकडा ऐकायची माझी हिंमत न्हाई."  आमच्याकडं जेवायला बसले तेव्हा त्यांनी मला काही दूषण दिलं नाही. फक्त म्हणाले, "वहिनी, मी तुम्हाला नुसतं करून दाखवा म्हणालो. ते माझं चुकलं." मला ते बरं वाटलं नाही. माझं ओझं दुसऱ्यानं अर्धं उचललं तर ते कमी व्हायला पाहिजे. झालं नाही.

परीक्षा झाली. हौसा बसली नाही. पाचवीला कुणी चिंचवडला गेलं नाही.

बांध मात्र जागच्या जागी राहिला. भावांचं बोलणंही पुढच्या दिवाळीला सुरू झालं. दोघांनी मिळून विहीर खोदली. पुढं दोघांनीही आपापलं रान विकलं आणि त्या बांधावरून आता सोसायटीची भिंत गेली आहे. पुरुष भांडतात, विसरतात, एकत्र बसून सुपारी खातात. त्या भांडणातून एकच गोष्ट गेली ती परत आली नाही, आणि तिच्याबद्दल नंतर कुणी बोललं नाही, कारण बाकी सगळं नीट झालं होतं.

हौसा त्यापुढच्या सुग्यांना माझ्याबरोबर खुडणीला असायची. काम चांगलं करायची. मला काकीच म्हणायची. विचारलं तेवढं सांगायची. शाळेकडून घंटा ऐकू आली की तिचा विळा थांबायचा नाही. माझा थांबायचा. सतराव्या वर्षी तिचं लग्न पिंपळे सौदागरला झालं. नवरा पिंपरीत कंपनीत. मी लग्नात खपून काम केलं. पाठवणीच्या वेळी ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्या पाया पडली.

मी खोटं बोलले नव्हते. हेच तर अडचणीचं आहे. खोटं बोलले असते तर माफी मागायला जागा होती. कुणाकडं जाऊन म्हणू, मी खरं बोलले म्हणून मला माफ कर? ते खरं मला फायद्याचं होतं, ते मी योग्य वेळेच्या आधी बोलले, आणि एका दहा वर्षांच्या पोरीच्या अंगावर बोलले. साठ मीटर बरोबर होते. बाकी काही बरोबर नव्हतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी हौसा एकदा सकाळीच चिखलीला आली. बसनं मोशीपर्यंत आणि तिथून चालत. आबा आणि थोरली जाऊ, दोघंही तेव्हा वारली होती, त्यामुळं कुणाला भेटायला आली ते मला समजेना. ती सरळ माझ्याकडं आली. जाडी झाली होती, हातात पिशवी, सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी. तिच्यासारखीच काळी, पण नाक कोरडं.

"काकी, ही चौथी पास झाली. पिंपरीच्या शाळंत पाचवीला घालायचीय. सासू म्हनती बास झालं. ह्यांची शिफ्ट, ते म्हनतात बघ तुजं तू. तू चल माज्यासंग."

"मी?"

"तुला लिवता वाचता येतं. तिथं काय विचारलं तर." मग तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पन मी सांगितल्याबिगर बोलायचं न्हाई."

मी लुगडं बदललं आणि निघाले.

शाळा दुमजली, फरश्या पुसलेल्या. टेबलामागं एक बाई, चष्मा नाकावर. भिंतीला टेकून आम्ही उभ्या राहिलो. बाईंनी मुलीचं नाव विचारलं, जन्म विचारला, वडील काय करतात ते विचारलं. हौसानं सगळं नीट सांगितलं. मी हाताची घडी घालून उभी होते आणि दात एकमेकांवर दाबून धरले होते.

"वडिलांचं शिक्षण?"

"सातवी."

"आईचं?"

हौसा थांबली नाही. "चौथी पास," म्हणाली.

बाईंनी मान वर केली. हौसाच्या हाताकडं, लुगड्याकडं पाहिलं. तसं पाहणं मला ओळखीचं होतं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही कोण?"

"हिची काकी. चिखलीची."

"ही चौथी पास आहे?"

मी हौसाकडं पाहिलं. ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. मुलगी माझ्याकडं बघत होती.

"मीच शिकवायला होते तिथं," मी म्हणाले. "पास म्हणजे, पहिल्या नंबरानं."

बाईंनी लिहून घेतलं. मुलीला विचारलं, तुलाही पहिला नंबर काढायचाय का. मुलगी लाजली. पुढच्या सोमवारी या, म्हणाल्या, पाचवीचा वर्ग वर आहे.

बाहेर आलो. रस्त्यावर शिफ्ट सुटलेली, सायकलींची गर्दी. हौसा मुलीचा हात धरून पुढं आणि मी मागं.  कोपऱ्यावर थांबून तिनं मागं पाहिलं.

"नंबर कशाला सांगितलास काकी? पास एवढंच पुरं व्हतं."

आणि मुलीला घेऊन रस्ता ओलांडायला लागली.